चारुलताबाईंचं हळदीकुंकू

नागपूरच्या धंतोलीत औषधांच्या एका दुकानाच्या वर डॉक्टर वैदेही मॅडमचा दवाखाना आहे. मूल होत नाही म्हणून बायका तिथे येतात. कुहीहून येतात, पारशिवनीहून येतात, पार गडचिरोलीकडूनही येतात. सकाळच्या एसटीने निघालेल्या बायका जिना चढून वर आल्या, की फाइल पुढे करण्याआधी काउंटरवरच्या चारुलता देवपुजारीच्या गळ्याकडे एकदा पाहून घेत. मंगळसूत्र दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे.

"ताई, तुमाले किती लेकरं?"

"एक मुलगी," चारुलता म्हणायची. "बसा तिकडे. नाव पुकारते."

तिला मुलगी नव्हती. मुलगाही नव्हता. नोकरीला लागली तेव्हा तिने सुरुवातीला खरं सांगितलं होतं. पारशिवनीकडची एक सासू सुनेला घेऊन आली होती. चारुलताचं "नाही" ऐकताच तिने काउंटरवरची फाइल उचलून छातीशी धरली आणि सुनेला म्हणाली, "पयला हात हिचा नको लागू दे वं." मग ती दवाखाना झाडणाऱ्या बाईला शोधायला निघाली. झाडणाऱ्या बाईला चार पोरं होती. ओले हात लुगड्याला पुसून त्या बाईने फाइलला हात लावला आणि सासूचं समाधान झालं.

त्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी चारुलताला आत बोलावलं.

"चारुताई, तुमची पुतणी तुमच्याकडेच राहते ना?"

"हो. दिराची मुलगी. कॉलेजसाठी आलीये."

"मग सांगत जा ना, एक मुलगी आहे. त्यात खोटं कुठे आहे?"

मॅडम वाईट नव्हत्या. दवाखाना आशेवर चालतो आणि काउंटर हे त्या आशेचं दार आहे, एवढंच त्यांना कळत होतं. चारुलताही वाद घालणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिला मुलगी झाली.

ती मुलगी म्हणजे उन्नती. अकरावीत आली, कायद्याची पदवी घेऊन गेल्या पावसाळ्यात दिल्लीला गेली. मनीषनगरच्या चारुलताच्या फ्लॅटमधली लहान खोली तिची होती. फ्लॅट घेतला तेव्हा ती खोली कुणासाठी ठेवली होती हे चारुलता आणि तिचा नवरा गिरिधर दोघांनाही माहीत होतं, म्हणून त्यावर कधी बोलणं झालं नाही. आधी तिथे गव्हाची कोठी होती, इस्त्रीचे कपडे होते. मग उन्नती आली आणि तिथे दिवा जळू लागला. आता पुन्हा इस्त्रीचे कपडे होते. फक्त पलंगावरच्या भिंतीवर उन्नतीने चिकटवलेलं एक मोठं चित्र तसंच राहून गेलं होतं. माइकसमोर बोलणारी एक काळी बाई. वय झालेली, चेहऱ्यावर नटवेपणा काही नाही.

चित्र लावलं त्या दिवशी गिरिधर दारातून म्हणाला होता, "टेप लावून राहिली, पण काढताना भिंतीचा रंग निघेल हं."

"काढणारच नाही काका."

"कोण आहे ही?" चारुलताने विचारलं होतं. "गायिका आहे का?"

"नाही गं काकू. एला बेकर. अमेरिकेतली. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी काम करायची. मोठमोठी पुढारी मंडळी भाषणं द्यायची, आणि ही गावोगाव फिरून माणसं जमवायची. सलूनमध्ये जायची, ब्यूटी पार्लरमध्ये जाऊन बसायची. जिथे माणसं असतील तिथे."

"घरचे सोडायचे?"

"नवरा होता. मूल नव्हतं. भाचीला सांभाळलं तिने, आपल्या घरी ठेवून."

चारुलताच्या हातात उशीचे अभ्रे होते. ती अभ्रा चढवता चढवता थांबली.

"मग लोक काय म्हणायचे तिला?"

"कशाबद्दल?"

"मूल नव्हतं त्याबद्दल."

उन्नतीने जरा विचार केला. "काय माहीत. मी वाचलं त्यात एका वाक्यात येतं ते. मूल नव्हतं, भाचीला वाढवलं. पुढच्या वाक्यात बाई परत कामाला लागलेली."

एका वाक्यात. चारुलता त्या दिवशी स्वयंपाक करतानाही त्याच शब्दांपाशी घोटाळत राहिली. तिच्याबद्दल कुणी बोलायला लागलं, की ते वाक्य कधी संपतच नसे. पोळ्या छान करते हो, पण. स्वभावाने गरीब आहे, पण. बारशाला बोलावलं तर पाळण्याला हात लावू नको असं कुणी तोंडाने म्हणत नसे. फक्त पाळण्याच्या चारही बाजूंना आधीच बायका उभ्या असत. आणि इकडे एक बाई होती, जिचं तेवढंच एका वाक्यात आटोपलं होतं आणि उरलेलं सगळं पान तिच्या कामाचं होतं.

उन्नती गेल्यावर चारुलता संध्याकाळी त्या खोलीत बसू लागली. कपड्यांच्या घड्या करायच्या हे निमित्त. बाहेरच्या खोलीत गिरिधर मोबाइलवर कुणाकुणाचे विनोद ऐकत बसलेला असे. एक विनोद अर्ध्यात तुटे आणि दुसरा सुरू होई. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून तो माणूस कमी बोलायचा आणि फोन जास्त. तपासण्या फक्त चारुलताच्याच झाल्या होत्या. त्याची तपासणी करा असं त्या काळी कुणी म्हटलं नाही. आता ती अशा दवाखान्यात काम करत होती, जिथे अर्ध्या फाइलींत दोष नवऱ्याकडे निघतो हे तिला रोज दिसत होतं. तरी तीही म्हणाली नाही. एवढ्या वर्षांनंतर ते काढून करायचं काय, म्हणून.

दिवाळीनंतर कुहीच्या सत्यवतीचा उपचारांचा तिसरा प्रयत्नही फसला.

सत्यवती दोन वर्षं येत होती. मोठ्या हाडाची, मोकळ्या आवाजाची बाई. नवरा मोटारसायकलवर सोडून जायचा, मग ती खिडकीजवळच्या खुर्चीवर तास न् तास बसायची. त्या खोलीत बायका एकमेकींशी बोलत नाहीत. कुणी ओळखीचं निघेल ही भीती असते. सत्यवती सुरुवातीला बोलायला पाहायची, "तुमी कुठच्या वं?" असं विचारायची, पण समोरची फोनमध्ये डोकं घाली. मग तीही गप्प राहायला शिकली.

त्या दिवशी ती मॅडमच्या खोलीतून बाहेर आली आणि जिन्याकडे न जाता काउंटरपाशी थांबली.

"मॅडम म्हणते, थांबून पाहू आता."

"हं," चारुलता म्हणाली. मॅडम हे वाक्य कधी वापरतात ते तिला माहीत होतं. यानंतर बायका येत नसत. त्यांच्या फाइली मागच्या खोलीतल्या रॅकवर जात आणि त्या बायकांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नसे.

"घरी काय सांगू, सांगा ना. सासरा म्हणला होता, हे शेवटचं."

"काही सांगू नको आज. जेव, झोप."

सत्यवती हसली. त्या हसण्यात राग नव्हता. "तुमाले नाही समजायचं ते, ताई. तुमाले पोरगी हाये."

मागे चार बायका बसलेल्या होत्या, त्यांतल्या दोघी पहिल्यांदाच आलेल्या. चारुलताने सत्यवतीची फाइल बंद करून बाजूला ठेवली. सत्यवती जिना उतरून गेली.

तो विचार चारुलताच्या डोक्यात कुठून आला हे तिला सांगता आलं नसतं. पण मकरसंक्रांत जवळ आली होती आणि तिला वाटलं, आपल्या घरी हळदीकुंकू करावं. फक्त अशा बायकांचं, ज्यांच्या फाइली मागच्या खोलीत गेल्या. एक दुपार अशी, की कुणी कुणाला किती लेकरं म्हणून विचारणार नाही. चित्रातली बाई पार्लरमध्ये जाऊन बसत होती. आपल्याकडे बायका जमायच्या तर त्या हळदीकुंकवालाच जमतात.

तिने गिरिधरला सांगितलं.

"कशाला करून राहिली हे?" तो म्हणाला. "कोण येईल? ज्यांना विसरायचं आहे त्यांना तू आठवण करून देणार."

"त्या विसरतात असं वाटतं तुम्हाला?"

त्याने फोन पालथा ठेवला. बऱ्याच दिवसांनी त्याने तो पालथा ठेवला होता. "मी त्या दिवशी बागेत जाऊन बसतो," एवढंच तो म्हणाला.

उन्नतीला फोन लावला तर ती कुठल्याशा बैठकीच्या दारात होती. "मस्तच काकू. फोटो पाठव हं. नंतर बोलते." नंतर बोलणं झालं नाही.

चारुलताने चौघींना सांगितलं. रिपोर्टच्या प्रती न्यायला येत तेव्हा, काउंटरवरून जरा वाकून, आवाज लहान करून. "रविवारी दुपारी घरी या. तिळगूळ घ्यायला. आपल्याच तीन-चार जणी." आपल्याच म्हणजे कोण, हे तिने सांगितलं नाही. मागे लोक बसलेले असत. एकीने मान हलवली, एकीने पत्ता घेतला, एक म्हणाली की यजमानांना विचारते. सत्यवती म्हणाली, "येतो. बोलावतेच कोण मले आता."

रविवारी चारुलताने सकाळीच तिळाच्या वड्या थापल्या. वाण म्हणून बर्डीच्या बाजारातून चहाच्या स्टीलच्या गाळण्या आणल्या होत्या. ताटात गहू, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे. गुलाबदाणीत पाणी भरलं. मग हात चालतच राहिले आणि तिने दारापुढे रांगोळी काढली, हळदीकुंकवाची बोटं रेखली, आणि वारा यावा म्हणून दार उघडं ठेवलं.

चूक तिथे झाली. संक्रांतीच्या दिवसांत दारात अशी रांगोळी आणि उघडं दार असलं, की ते बोलावणंच असतं. सोसायटीत कुणी कुणाला वेगळं सांगायला जात नाही. इतकी वर्षं ती स्वतः तशीच इतरांच्या उघड्या दारांतून आत गेली होती. पण तिच्या स्वतःच्या दारात कधी रांगोळी पडली नव्हती, त्यामुळे हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

सत्यवती तीनच्या सुमाराला आली. एकटीच, बसने. हिरवी साडी नेसून, केसांत शेवंती माळून. घरी तिने दवाखान्यात कागद घ्यायला जाते म्हणून सांगितलं होतं. बाकीच्या तिघींपैकी कुणी आलं नव्हतं. चारुलताने तिला कोचावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, ओटी भरली. सत्यवतीने दोन्ही हातांनी पदर पुढे धरला.

"कोणी भरली नाही वं ताई, दोन सालापासून," ती म्हणाली. "बाकी कोण येऊन राहिलं?"

"येतील," चारुलता म्हणाली. मुलीबद्दलचं खरं काय ते आता सांगायचं असं तिने ठरवलं होतं. आधी वडी देऊ, पाणी देऊ, मग समोर बसून सांगू.

ती पाणी आणायला वळली आणि दारातून सुहासिनीवहिनी आत आल्या. समोरच्याच फ्लॅटमधल्या, कडेवर नातू. त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरच्या दोघी, एकीचा मुलगा हात सोडवून घेत पुढे धावत आला.

"अगं चारुलता, सांगायचंस तरी," सुहासिनीवहिनी म्हणाल्या. "रांगोळी पाहिली अन् म्हटलं, आज सूर्य कुठून उगवला. वाण काय आहे? गाळण्या? बरं केलंस, माझी कालच मोडली."

बायका बसल्या. नातू सत्यवतीच्या पदरातल्या बोरांकडे हात करू लागला. तिने त्याला एक बोर दिलं. त्याने ते तोंडात घातलं, सगळ्या हसल्या, तीही हसली. चारुलताने घाईने कुंकवाचा करंडा उचलला. आता कुणीतरी विचारणार हे तिला दिसत होतं. ते अडवायला दोन बोटं आणि एक करंडा पुरणार नव्हता.

"कुठल्या तुम्ही?" सुहासिनीवहिनींनी सत्यवतीला विचारलं.

"कुहीची."

"मुलं नाही आणली? संक्रांतीत मुलांशिवाय बरं दिसत नाही हो. किती आहेत?"

सत्यवतीने चारुलताकडे पाहिलं. तो पाहुणीचा यजमानिणीकडे पाहण्याचा साधा प्रकार होता, मला यातून सोडव असा. तिच्या मते चारुलता एका मुलीची आई होती, आणि मुलीची आई असलेली बाई असं काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ शकते.

"तिला नाहीत," चारुलता म्हणाली. "मलाही नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहे. वहिनी, वडी घ्या. जरा कडक झालीये."

आवाज नेहमीचाच होता. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. वाक्य संपलं होतं आणि हातात वड्यांचं ताट होतं. वरच्या मजल्यावरची बाई, "कडक नाही, खुसखुशीत आहे," असं म्हणाली. सुहासिनीवहिनींनी नातवाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गुळाचा भाव काढला. खोलीत कुणी मेलं नाही. फक्त सत्यवतीच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत उतरत पार नाहीसं झालं.

बायका गाळण्या घेऊन गेल्यावर ती उठली.

"तुमाले पोरगी नाही?"

"नाही. पुतणी आहे. राहायची माझ्याकडे."

"दोन साल तुम्ही सांगून राहिल्या, एक मुलगी, एक मुलगी."

"दवाखान्यात तसं सांगावं लागतं, सत्यवती. बायका फाइल देत नाहीत हातात."

सत्यवतीने पदराची गाठ सोडली. गहू, बोरं, घाटे, सगळं तिने टीपॉयवरच्या ताटात परत ओतलं. एक बोर जमिनीवर घरंगळलं, तेही उचलून ताटात ठेवलं.

"ओटीचा राग नाही मले," ती म्हणाली. "तुमच्या हातची चालली असती. दोन साल मी त्या खुर्चीवर एकटी बसली, ताई. तुम्ही समोरच होत्या. एक डाव सांगितलं असतं त आपण दोघी झालो असतो."

"चुकलं माझं."

"बस सुटेल माझी," सत्यवती म्हणाली आणि चपला घालून निघाली. गाळणी तिने नेली नाही.

गिरिधर अंधार पडल्यावर आला. दारातली रांगोळी पायांनी विस्कटली होती.

"किती आल्या?"

"पुष्कळ."

त्याने वडी उचलली, चावली आणि कडक आहे असं काही म्हणाला नाही. थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीत विनोद सुरू झाले. चारुलता लहान खोलीत गेली आणि ताटातले गहू निवडून डब्यात भरत बसली.

सोमवारी पहिल्याच एसटीने एक आत्या भाचीला घेऊन आली. फाइल काउंटरवर ठेवली, गळ्याकडे पाहिलं, विचारलं.

"नाही," चारुलता म्हणाली. "मला मूल नाही. नाव सांगा पेशंटचं."

आत्याने फाइल मागे ओढली. भाची, विशीतली पोर, एकदा आत्याकडे आणि एकदा चारुलताकडे पाहत राहिली. आत्याने विचारलं, इथे दुसरं कोणी नाही का. चारुलता म्हणाली, झाडणारी बाई अकराला येते. दोघी अकरापर्यंत बसल्या. मंगळवारीही तसंच झालं. बुधवारी मॅडमनी आत बोलावलं.

"चारुताई, काय झालं एकाएकी?"

"त्या विचारतात, मी सांगते."

"मी तुम्हाला काढून टाकत नाहीये. पण समोर बसायचं तर जुनं उत्तर द्यावं लागेल. नाहीतर मागे रेकॉर्डला बसा. पगार तोच."

मॅडमना वाटलं होतं ती समोरच बसेल. मागच्या खोलीला खिडकी नाही, पंखा करकर वाजतो, दिवसभरात कुणी फिरकत नाही. चारुलताने काउंटरखालून डबा घेतला, चष्म्याचं घर घेतलं आणि मागे गेली.

पहिला दिवस तिने धूळ पुसण्यात काढला. दुसऱ्या दिवशी पुसायला काही उरलं नाही. रॅकवर बंद झालेल्या फाइली होत्या, पाठीला पाठ लावून. समोरच्या खोलीतून, काउंटरवर बसवलेल्या नव्या मुलीचा आवाज येई, "मला दोन आहेत, बसा तिकडे." चारुलता स्टुलावर बसून डबा खायची. समोर असताना निदान जिन्यावरचे पाय तरी ऐकू येत होते. इथे तेही नाहीत. घरी जाऊन पुन्हा दोन खोल्या आणि फोनमधली हसणारी माणसं.

शुक्रवारी दुपारी तिने स्वतःच्या मोबाइलवरून सत्यवतीला फोन लावला. नंबर नवऱ्याचा होता.

"कोण?"

"चारुलता देवपुजारी बोलतेय, नागपूरहून. सत्यवती आहे का?"

पलीकडे तो तोंड बाजूला करून म्हणाला, "तुयासाठी फोन हाये. ते दवाखान्यातली. लेकरू नसलेली." मग बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. तो ठेवून देईल असं चारुलताला वाटलं. त्याने ठेवला नाही, तिनेही नाही.

"बोला," सत्यवती म्हणाली.

चारुलताने काय बोलायचं हे ठरवलंच नव्हतं. माफी मागून झाली होती. सल्ला द्यावा असं तिच्याकडे काही नव्हतं.

"काय करून राहिली?" तिने विचारलं.

"काय करीन. भात टाकला. वांगे चिरून राहिलो."

"कशी करते वांगी? भरून?"

"भरून कोण करते दोघातिघांसाठी," सत्यवती तुसडेपणाने म्हणाली. मग विळीवरचा आवाज थांबला. "तुम्ही काहून इतक्या हळू बोलून राहिल्या? लोक हायेत समोर?"

"नाही. कोणी नाही इथे."

"मंग मोठ्यानं बोला ना. ऐकू नाही येत मले."

चारुलताने स्टूल रॅकपाशी ओढलं, भिंतीला पाठ टेकली, आणि मोठ्याने विचारलं, "तिखट घरचं आहे का?"